बारा गुंठे कुठे गेले?



गेल्या खरिपातली गोष्ट आहे. पाऊस वेळेवर झाला होता, वाफसा आला होता आणि गावोगाव पेरणीची एकच धांदल चालू होती. अशात एका गावातून निरोप आला, "साहेब, जरा बांधावर या." नाव सांगत नाही, आपण त्यांना आप्पा म्हणू. आप्पा कसलेले शेतकरी. घरचेच सोयाबीन चाळून, गोणपाटात शंभर दाणे ठेवून, उगवण तपासून बियाणे काढलेले. बीजप्रक्रिया केलेली. यंत्र एकरी तीस किलोला लावलेले. सगळे शास्त्राप्रमाणे. आणि तरी मी गेलो तेव्हा पेटीतले बियाणे संपले होते, ट्रॅक्टर उभा होता आणि रानाचा एक पट्टा उघडा पडला होता.

"साहेब, रान तेच, यंत्र तेच, एकरी तीस किलोचा हिशेबही तोच. मग बारा गुंठे उरलं कसं?" आप्पांनी विचारले.

पुतण्या शेजारीच उभा होता. त्याने मोबाईल पुढे केला. बियाण्याचा हिशेब करून देणारे एक ॲप त्याने वापरले होते. रान २ एकर २० गुंठे. त्याने क्षेत्राच्या रकान्यात २.२० असे लिहिले. ॲपने तिसाने गुणले आणि ६६ किलो असे उत्तर दिले. तेवढेच बियाणे काढून ठेवले, बाकीचे सोयाबीन बाजारात गेले.

आता तुम्हीच हिशेब करा. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर. बियाणे लागत होते ७५ किलो. ॲपला २.२० याचा अर्थ 'दोन पूर्णांक वीस शतांश एकर' असा लागला, म्हणजे २ एकर ८ गुंठे. नऊ किलो बियाणे कमी पडले आणि बरोबर बारा गुंठे उघडे राहिले. त्याच रात्री पावसाने झोडपले आणि तो पट्टा पेरायला पुढे आठ दिवस लागले. एकाच रानात दोन वयांचे सोयाबीन उभे राहिले. फवारणीला दोन वेळा, काढणीला दोन वेळा.

आप्पा पुतण्यावर चिडले. मी म्हटलं, "आप्पा, पोराचं काय चुकलं? तुम्ही पण वहीत तसंच लिहिता." त्यांची वही काढून बघितली. पंधरा वर्षांच्या नोंदी, सगळीकडे २.२०.

चूक नेमकी कोणाची?

आपण एकर-गुंठे मध्ये टिंब देऊन लिहितो. ते टिंब दशांश चिन्ह नव्हे, नुसती खूण आहे. बोलताना 'दोन वीस' म्हटले की गावात सगळ्यांना कळते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिताना ही पद्धत बिनधोक चालते, कारण शंभर आर म्हणजे एक हेक्टर. तिथे टिंब दिले काय आणि दशांश चिन्ह दिले काय, उत्तर एकच येते. एकराचे गुंठे मात्र चाळीस आहेत. तिथे घोटाळा होतो.

क्षेत्र १ एकर ३५ गुंठे असेल तर बघा. खरा आकडा १.८७५ एकर. टिंबाचा लिहिला तर १.३५. तब्बल एकवीस गुंठ्यांचा फरक! तणनाशकाची मात्रा यावरून काढली तर तण मरणार नाही. उलट बाजूनेही तेच. ॲपने नकाशावरून २.३० एकर दाखवले आणि आपण ते 'दोन एकर तीस गुंठे' असे वाचले, तर प्रत्यक्षात रान आहे २ एकर १२ गुंठेच. मग ड्रोनवाल्याला अठरा गुंठ्यांचे पैसे फुकट जातात आणि औषधाची मात्रा जास्त होऊन पिकाला चटका बसतो तो वेगळाच.

ॲप करणाऱ्याला दोष द्यावा तर तो कुठल्या तरी शहरात बसलेला. तमिळनाडूत, केरळात, आंध्रात जमीन सेंटमध्ये मोजतात. शंभर सेंटचा एक एकर. तिथला शेतकरी 'दोन एकर वीस सेंट' म्हणतो तेव्हा २.२० हाच खरा आकडा असतो. आपल्याकडे, कर्नाटकात आणि तेलंगणात गुंठा चालतो. उत्तरेत बिघा आहे आणि तो प्रांताप्रांताला निराळा. ज्याने कधी गुंठ्यात व्यवहार केलेला नाही, त्याला टिंबाची ही गोम सुचणार कशी? ती सांगण्याचे काम आपले आहे. ते आपण आजवर केले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. हे सांगायचे कुठे आणि कसे, त्यासाठीच आजचा हा लेख.

मोबाईलच्या पोटात काय असते?

आप्पांचा पुतण्या तालुक्याच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकतो. त्या दिवसानंतर आम्ही दोन-तीन वेळा बसलो. त्याने मला जे समजावले ते तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो.

ॲप करणारा माणूस सगळे काही स्वतः घडवत नाही. आपण नांगर घेतला तरी त्याचे नट-बोल्ट घरी पाडत नाही, तसेच. तयार सुटे भाग जोडून तो ॲप उभे करतो. वेबपानांवर आणि बऱ्याच मोबाईल ॲपमध्ये जी संगणकभाषा चालते तिचे नाव जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ती अवघ्या दहा दिवसांत उभी केली. या भाषेतले सुटे भाग जिथे ठेवलेले असतात त्या कोठाराला एनपीएम म्हणतात. त्यातल्या प्रत्येक सुट्या भागाला पॅकेज म्हणतात आणि एका कामासाठीच्या भागांचा जो संच असतो त्याला लायब्ररी.

नकाशा आणि जमीन यांचे गणित करणारी अशी एक लायब्ररी आहे, तिचे नाव टर्फ. शेताच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिले की ती क्षेत्रफळ सांगते, बांधाची लांबी सांगते, मध्यबिंदू काढते. शंभराहून अधिक छोटी पॅकेजे तिच्यात आहेत आणि प्रत्येकाचे काम एकच. क्षेत्रफळाच्या पॅकेजात जे सूत्र आहे ते अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या २००७ सालच्या एका प्रबंधातून घेतलेले आहे. पृथ्वी गोल धरून तिच्यावरच्या तुकड्याचे क्षेत्र कसे काढावे, याचे ते सूत्र. अवकाशयाने पाठवणाऱ्या संस्थेतल्या लोकांचे गणित आपल्या बांधावर फुकट वापरायला मिळते, हे मला तरी नवल वाटले. एकदा ॲप मोबाईलमध्ये उतरवून घेतले की या गणिताला रेंजसुद्धा लागत नाही.

फुकट म्हणजे कसे? टर्फ ही ओपन सोर्स लायब्ररी आहे. तिचा आतला मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. अट एवढीच की मूळ परवान्याचा कागद सोबत ठेवायचा. हा एमआयटी परवाना म्हणून ओळखला जातो. बियाण्याच्या भाषेत सांगायचे तर संकरित बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते आणि त्याचे आई-बाप कंपनीच्या कुलपात असतात. सरळ वाणाचे तसे नाही. घरी ठेवा, पेरा, निवड करा, पाहुण्याला पायलीभर द्या. टर्फ हे सरळ वाणासारखे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या लायब्ररीत एकके बदलून देणारा एक भाग आहे. त्याच्या यादीत एकर आहे, हेक्टर आहे, चौरस फूट आहे, यार्ड आहे, अगदी दर्यावर्दी मैलसुद्धा आहे. गुंठा नाही. 'एकर-गुंठे' अशी जोडी तर नाहीच नाही.

एवढेसे पॅकेज, पण आपले

माझे मत असे, की आपल्या भागातल्या संगणक शिकलेल्या मुला-मुलींनी टर्फसाठी एक लहानसे पॅकेज तयार करून द्यावे. काम एकच. चौरस मीटर दिले की '२ एकर २० गुंठे' असे सांगायचे, आणि 'एकर-गुंठे' दिले की चौरस मीटर सांगायचे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. यात कुणाचे दुमत नाही. पाठ असलेला हिशेब आहे.

तुम्ही म्हणाल, चाळिसाने भागायचे आणि गुणायचे, याला पॅकेज कशाला? मीही तेच म्हटलं होतं. पण आम्ही वहीवर लिहायला बसलो आणि एकेक खोड बाहेर यायला लागली.

पहिली खोड गुंठा आणि आर यांची. व्यवहारात आपण दोन्ही सारखेच धरतो. एका गुंठ्याला फरक सव्वा चौरस मीटरहूनही कमी. पण हेक्टरचे गुंठे १०० होत नाहीत, ९८.८४ होतात. भाऊबंदकीत एक गुंठा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी खोड चाळिसाची. क्षेत्र ३९.९ गुंठे आले आणि पूर्णांकात आणले, तर बेसावध ॲप '० एकर ४० गुंठे' लिहून मोकळे होते. लिहायला हवे '१ एकर ० गुंठे'. तसेच कोणी '२ एकर ४५ गुंठे' भरले तर ते मुकाट्याने घेऊ नये, परत विचारावे.

तिसरी खोड आकड्यांची. जावास्क्रिप्टला मराठी आकडे समजत नाहीत. तुम्ही '२' असा देवनागरी आकडा भरला आणि प्रोग्रामने तो सरळ संख्येत बदलायला घेतला, तर भाषा उत्तर देते, 'ही संख्याच नाही'. पुतण्याने मला करून दाखवले. आपली अख्खी गावनोंद ज्या आकड्यांत आहे, तो आकडाच नाही म्हणे! तेव्हा देवनागरी आकडे आधी बदलून घ्यावे लागतात.

चौथी आणि मुख्य खोड आपल्या टिंबाची. २.२० असे आले तर पॅकेजने अंदाज बांधू नये. 'दोन एकर वीस गुंठे की दोन पूर्णांक वीस शतांश एकर?' असे ॲपमार्फत शेतकऱ्यालाच विचारायला लावावे. त्या दिवशी एवढाच एक प्रश्न कोणी विचारला असता, तर आप्पांचे बारा गुंठे पेरून झाले असते.

म्हणजे पॅकेज लहान, पण त्यातले ज्ञान गावाचे आहे. ते शहरात बसून सुचणारे नाही.

देण्याचीही एक रीत असते

सार्वजनिक कामात वस्तू नुसती आणून टाकली म्हणजे झाले नाही. सप्त्यात पंगतीला धान्य द्यायचे तरी आधी मंडळींना विचारतो, निवडून देतो. इथेही तसेच आहे.

टर्फचे सगळे काम गिटहब नावाच्या ठिकाणी उघड्यावर चालते. पहिली पायरी म्हणजे तिथे मुद्दा मांडायचा: आमच्याकडे जमीन अशी मोजतात, त्यात अशी चूक होते, त्यासाठी असे पॅकेज द्यायचे मनात आहे, चालेल का? आधी विचारल्याने मेहनत वाया जात नाही. कदाचित ते म्हणतील, नवे पॅकेज नको, आहे त्याच यादीत गुंठा घाला. तेही चालेल.

दुसरी पायरी, लायब्ररीची स्वतःपुरती एक नक्कल करून घ्यायची आणि त्या नकलेत काम करायचे. मूळ प्रतीला हात लागत नाही, त्यामुळे बिघडण्याची भीती नाही. तिथे प्रत्येक पॅकेजचा वेगळा कप्पा असतो. त्यात मूळ कार्य, त्याच्या चाचण्या, वापरण्याची माहिती आणि परवाना. एका पॅकेजने एकच कार्य बाहेर द्यायचे, अशी तिथली शिस्त आहे.

तिसरी पायरी चाचण्यांची. 'हे घातले की हे आले पाहिजे' अशा जोड्या लिहून ठेवायच्या. उगवण चाचणीत शंभर दाणे मोजून ठेवतो, तशीच ही पद्धत. पुढे कोणी त्या मजकुरात बदल केला तर या चाचण्या आपोआप चालतात, आणि चाळिसाचे गणित मोडले तर लगेच बोंब होते.

चौथी पायरी, आपले काम मूळ लायब्ररीत घ्यावे अशी विनंती पाठवायची. ती सांभाळणारी मंडळी तपासतात, प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सुचवतात. इथे आपल्या मुलांनी मन घट्ट ठेवावे. दुरुस्ती सांगितली म्हणजे अपमान केला असे नाही. तपासणारा त्रयस्थ असला की काम चोख होते. मान्य झाले की पुढच्या आवृत्तीबरोबर ते पॅकेज एनपीएमच्या कोठारात जाते आणि जगातला कुठलाही ॲप करणारा ते उचलू शकतो.

आणि नाकारले तर? तर तेच पॅकेज आपल्या नावाने स्वतंत्रपणे कोठारात ठेवता येते. टर्फने काढलेले चौरस मीटर घेऊन ते तसेच चालेल. केलेले काम कुठेच जात नाही.

काही आक्षेप

हा विषय मी दोन-तीन ठिकाणी काढला तेव्हा निरनिराळी मते ऐकायला मिळाली.

एक काका म्हणाले, "आपल्या पोरांनी फुकट राबायचं आणि कंपन्यांनी त्यावर पैसा करायचा?" आक्षेप खोटा नाही. एमआयटी परवान्यात कंपनीलाही वापराची मोकळीक आहे. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. शंभर पॅकेजे दुसऱ्यांनी घडवली, ती आपण फुकट वापरतो. आपण एक द्यायचे. सावडीत दुसऱ्याच्या रानात राबतो तेव्हा 'हा फुकट नेतोय' असे म्हणत नाही, कारण उद्या तोच आपल्या रानात येणार असतो. शिवाय कंपनीच्या ॲपमध्ये आपला गुंठा बरोबर आला, तर त्यात फायदा शेवटी कोणाचा?

दुसरे म्हणाले, "सरकार करील की." सरकारने बरेच केले आहे. २०२१ मध्ये राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पीक नोंदवू लागला, हे लहान काम नव्हे. पण बियाण्याचा, फवारणीचा, ठिबकच्या नळ्यांचा हिशेब करणारी ॲप खासगी आहेत, रोज नवी निघतात. त्यांना एकेकाला पत्र लिहून गुंठा शिकवत बसणार का? जिथून ती सारी सुटे भाग उचलतात, तिथेच बरोबर भाग ठेवला तर एका जागी केलेले काम सगळीकडे पोचते. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते उगीच नाही.

तिसरा आक्षेप मुलांचाच होता. "साहेब, तिथं सगळं इंग्रजीत चालतं." खरे आहे. पण या कामाला लागणारे इंग्रजी चार-सहा साध्या वाक्यांचे आहे. चाचण्यांतले आकडे कुठल्याही भाषेत तेच राहतात. मूळ माहितीसोबत मराठीतही वापराची माहिती लिहावी, असे मी तर सुचवीन.

दिले म्हणजे सुटलो, असे नाही

इथे एक इशारा देणे भाग आहे. २२ मार्च २०१६ रोजी एनपीएमच्या कोठारातून लेफ्ट-पॅड नावाचे एक पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले. नावावरून एक वाद झाला होता, त्याचा राग. पॅकेज केवढे? अकरा ओळींचे. एखाद्या शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच त्याचे काम. पण त्याच्यावर दुसरी पॅकेजे आणि त्यांच्यावर तिसरी उभी होती. जगभरातल्या हजारो प्रकल्पांची कामे अडली. कोठार चालवणाऱ्यांना ते पॅकेज काही तासांत परत आणावे लागले.

२०१८ मध्ये दुसरा प्रकार घडला. इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजचा कर्ता ते सांभाळून थकला होता. मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ते सोपवले. त्या माणसाने आभासी चलनाच्या पाकिटातले पैसे चोरणारा मजकूर आत घुसवला.

या दोन्हींतून धडा एकच. लहान वस्तूवर मोठी जबाबदारी असते. म्हणून माझे म्हणणे असे, की हे काम एकट्या पोराच्या डोक्यावर टाकू नये. दोघा-तिघांनी मिळून करावे. एक नोकरीला गेला तर दुसऱ्याने सांभाळावे. कोणी चूक दाखवली तर उत्तर द्यायला माणूस हवा. कॉलेजमधल्या गुरुजींनी याला प्रकल्पाचा दर्जा दिला, तर दरवर्षीची नवी मुले ते पुढे चालवतील. पाणवठा बांधणे सोपे, गाळ काढत राहणे अवघड. खरी कसोटी तिथे आहे.

हे मोजणीचे काम नव्हे

ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब, आणि सरपंच मंडळींच्या मनात एक शंका येईल, ती आधीच दूर करतो. मोबाईलवर निघालेले क्षेत्र हा कायदेशीर पुरावा होत नाही. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी हाच मार्ग. उघड्या आभाळाखालीसुद्धा साध्या मोबाईलचे ठिकाण चार-पाच मीटर इकडेतिकडे होते. दहा गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याची बाजू सुमारे ३२ मीटर भरते. त्यातली एक बाजू तीन मीटर सरकली, की जवळजवळ एक गुंठा गेला किंवा आला. पॅकेज कितीही चोख असले तरी आत आलेला आकडा चुकीचा असेल तर ते काय करणार? तेव्हा बियाणे, खत, औषध, मजुरी यांच्या अंदाजापुरताच त्याचा उपयोग. पॅकेजच्या माहितीपत्रात ही मर्यादा पहिल्या ओळीत लिहिली पाहिजे.

आणखी एक खाचखळगा आहे. आपण बोलताना आधी अक्षांश, मग रेखांश म्हणतो. टर्फ ज्या पद्धतीने माहिती घेते तिच्यात आधी रेखांश लिहायचा असतो. आपल्या मराठवाड्यातले, २० अक्षांश आणि ७५ रेखांशावरचे शेत उलटे लिहिले, तर ते थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. आणि गंमत अशी, की क्षेत्रफळ तरीही निघते! हेक्टरभर रान जेमतेम साडेसत्तावीस आर दाखवले जाते. उत्तर आले म्हणजे ते बरोबर आले, असे समजू नये.

तुमच्याकडून काय हवे?

आम्ही अजून विनंती पाठवलेली नाही. मुद्दामच थांबलो आहोत. आधी चाचण्यांची यादी भक्कम व्हावी असे वाटते, आणि ती तुमच्याशिवाय होणार नाही. आपापल्या गावात चावडीवर बसून एवढे करा. ज्या क्षेत्राबद्दल वाद नाही, ज्याची सरकारी मोजणी झालेली आहे, असे दोन-चार तुकडे निवडा. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर आणि तोंडी चालणारे एकर-गुंठे शेजारी शेजारी लिहा. गावात आणखी कुठले माप चालत असेल, तर तेही लिहा आणि त्याची लांबी-रुंदी म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणाच्या नावाची, गटनंबराची गरज नाही. फक्त आकडे हवेत. ती यादी गावातल्या संगणक शिकणाऱ्या मुला-मुलीच्या हाती द्या आणि म्हणा, "बघ बाळा, तुझं ॲप हे बरोबर सांगतंय का?"

तोवर प्रत्येकाने एक गोष्ट आजपासून पाळावी. मोबाईलमध्ये क्षेत्र भरताना गुंठ्यांना चाळिसाने भागून मगच भरा. दहा गुंठे म्हणजे .२५, वीस म्हणजे .५०, तीस म्हणजे .७५. पाच गुंठे म्हणजे .१२५. आणि वहीत टिंब न देता 'ए.' आणि 'गुं.' अशी अक्षरे लिहा.

आप्पांनी यंदा वहीच्या पहिल्या पानावर हा हिशेब पुतण्याकडून लिहून घेतला आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, पोराचं ते पॅकेज कधी जातंय?" मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या बारा गुंठ्यांची चाचणी यादीत पहिली लिहिली आहे. बाकीच्या गावांच्या आल्या की पाठवू."

बाकीची गावे म्हणजे तुम्ही. खरिपाच्या आधी ही यादी पुरी व्हावी, एवढीच विनंती.